इन्शुलिन कोणी टोचावे? शालेय परिचारिकेच्या इतिहासातील एक वाद

शालेय परिचारिकेची योजना मधुमेहासाठी झालेली नाही. १९०२ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड यांच्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंटमधील लीना रॉजर्स यांना चार शाळांत महिनाभर प्रयोगादाखल नेमण्यात आले, तेव्हा प्रश्न खुपऱ्या, गजकर्ण, उवा यांचा होता. डॉक्टर मुलांना तपासून घरी धाडीत. घरी उपचार होत नसत. रॉजर्स यांनी शाळेतच औषधपाणी केले, घरोघर जाऊन आयांना समजावले आणि मुले वर्गात परत आणली. घरी धाडलेल्या मुलास पुन्हा आत घेणे, हे या व्यवसायाचे मूळ कार्य होय.

मधुमेही मूल त्या काळी शाळेत फारसे दिसणेच शक्य नव्हते. ते जगतच नसे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिन टोचले गेले आणि चित्र पालटले. इन्शुलिनाने रोग बरा होत नाही, तो आयुष्यभर सांभाळावा लागतो. त्यामुळे रुग्णालयातले काम शाळेच्या घंटेला बांधले गेले. मधल्या सुटीपूर्वी रक्तातील साखर पाहावयाची, मात्रा ठरवावयाची. साखर उतरल्याने मूल थरथरू वा बरळू लागले, तर तो व्रात्यपणा न समजता तत्काळ साखर द्यावयाची.

१९७३ च्या अमेरिकन पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमाने अशा मुलांच्या शिक्षणास संरक्षण दिले. परंतु परिचारिका पुरेशा नव्हत्या. कॅलिफोर्नियात २००५ साली पालकांनी व मधुमेह संघटनेने दावा लावला. २००७ च्या तडजोडीनंतर शिक्षणखात्याने सांगितले की, परिचारिका उपलब्ध नसल्यास प्रशिक्षित शालेय कर्मचाऱ्याने इन्शुलिन द्यावे. त्याविरुद्ध परिचारिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या व खालच्या दोन्ही न्यायालयांत जिंकल्या.

भाषेच्या अभ्यासकास यापुढील भाग विशेष उद्बोधक वाटेल. डॉक्टरांची आज्ञा पाळणाऱ्या इतरेजनांना कायद्यात मुभा होती. मात्र त्यांनी ‘परिचारिका म्हणून’ व्यवसाय करू नये, अशी अट होती. या ‘म्हणून’चा अर्थ काय? परिचारिकेचे कृत्य करणे, की परिचारिका असल्याचा आव आणणे? १२ ऑगस्ट २०१३ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दुसरा अर्थ ग्राह्य धरला व खालचे निर्णय फिरविले. आपल्या मराठीतही हे अव्यय तितकेच संदिग्ध आहे, हे जाता जाता नमूद करावे.

परिचारिकांच्या विरोधास केवळ व्यावसायिक मत्सर म्हणणे अन्यायाचे ठरेल. चुकलेली मात्रा प्राणावर बेतू शकते. आणि एकदा कारकुनाच्या हाती सुई दिली की परिचारिकेचे पद भरण्याची निकड उरत नाही, ही भीती निराधार नव्हती. तथापि न्यायालयापुढील आकडे बोलके होते : पूर्णवेळ परिचारिका असलेल्या शाळा शेकडा ५, मुळीच नसलेल्या शेकडा २६. परिचारिका नसलेल्या शाळेत मुलाची आई काम सोडून दुपारी सुई टोचावयास येई. इन्शुलिन अशा कर्मचाऱ्याहाती सुरक्षितपणे देता येईल की नाही, हे पालकांच्या संमतीने त्या मुलाच्या डॉक्टरांनी ठरवावे, असे न्यायालयाने म्हटले.