पोचा काढावा, पण किती?

मॉड्युलर किचनचं कोटेशन मागवलंत तर त्यात ‘ड्युको फिनिश’ हा शब्द बरेचदा सापडतो. हे मुळात एका कंपनीच्या रंगाचं नाव होतं आणि तो रंग गाड्यांसाठी बनला होता, हे आता कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्याआधी गाडी रंगवायची ती बग्गीसारखीच. ब्रशने एक हात द्यायचा, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा हात द्यायचा. यात आठवडे जात. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी लागलेलं नायट्रोसेल्युलोज ड्युपाँ कंपनीच्या रोजच्या हाताखालचं. त्यापासून तिने स्प्रेने मारता येणारा, झटपट वाळणारा लॅकर बनवला. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो निळ्या रंगात झळकला. पुढे १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. १९५४ मध्ये तो बंद झाला. आपल्याकडच्या डेंटर-पेंटरच्या तोंडी मात्र ‘ड्युको मारणे’ कायम राहिलं.

मी हे शोधायला लागलो ते एका पोच्यामुळे. माझं ऑफिस महापेला. काचेच्या इमारती संपल्या की एमआयडीसीच्या गल्ल्या लागतात. तिथल्या एका शेडमध्ये गेल्या हिवाळ्यात एमजी टीसी उभी होती. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमध्ये या मॉडेलच्या साधारण १०,००० गाड्या बनल्या. दोन सीट, लांब सुटे मडगार्ड, आत लाकडी सांगाडा आणि त्यावर पत्रा. डाव्या मडगार्डला वाटीएवढा पोचा होता आणि आजूबाजूला रंगाचे टवके उडाले होते. मालकाला गाडी ‘एकदम नव्यासारखी’ हवी होती. उस्ताद मात्र म्हणाले, “साहेब, पोचा काढतो. बाकीचं बघून ठरवू.”

पोचा मधोमध ठोकून काढत नाहीत. आतून डॉली धरायची आणि बाहेरून हलक्या हातोडीने कडेकडून मध्याकडे यायचं. जास्त ठोकलं तर पत्रा ताणला जातो आणि दाबल्यावर डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजतो. मग तो गॅसने तापवून, ओलं फडकं लावून आवळावा लागतो. याहून सोपा मार्ग म्हणजे खड्डा तसाच ठेवून लांबी भरायची आणि वरून रंग मारायचा. म्हणून जुनी गाडी बघायला जाणारे खिशात लोहचुंबक ठेवतात. पत्र्यावर ते चिकटलं नाही तर खाली जाड लांबी आहे असं समजायचं. याला अपवादही आहे. जग्वार एक्सके १२०च्या पहिल्या २४२ गाड्यांची बॉडीच ॲल्युमिनियमची होती.

पत्रा जागेवर आल्यावर उस्तादांनी टवक्याच्या कडेने पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर फिरवला. लाल रंगाखालून हिरवा निघाला, त्याखालून क्रीम, मग करडा प्रायमर. मला थेट गिटचा लॉग आठवला. फक्त इथे कमिट मेसेज नव्हते.

इतके थर का? स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी गाडीचं मडगार्ड मागवणं सोपं राहिलं नाही. जे होतं तेच ठोकायचं, भरायचं, पुन्हा रंगवायचं. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या फियाटही अशाच टिकल्या. त्यातल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

जुन्या लॅकरचा एक मोठा गुण आहे. नवा थर खालच्या थराला किंचित विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे तळहाताएवढा पॅचही सांधता येतो. हार्डनर घातलेले आजचे टू-के रंग असे मिसळत नाहीत. उलट त्यांच्या थिनरने खालचा लॅकर सुरकुतला तर अख्खं मडगार्ड पत्र्यापर्यंत खरवडावं लागतं. लॅकरचाही एक त्रास आहे. दमट हवेत तो वाळताना पांढरट पडतो, म्हणून मुंबईच्या पावसात हे काम नको.

२०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी आणि मुख्य अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. या यादीत रंगाचे थर नाहीत. त्यांचं काय करायचं हे शेडमध्येच ठरतं.

माझं मत उस्तादांच्या बाजूचं आहे. नव्यासारखी गाडी म्हणजे १९४०च्या दशकातली इंग्लंडमधली गाडी. त्यानंतर ती इथे कुणाकुणाकडे फिरली, कुणी ती हिरवी केली, कुणी लाल, याचे कागद बहुतेक वेळा उरत नाहीत. रंग तेवढा उरतो, आणि तो एका दुपारच्या घासकामात जाऊ शकतो. पोचा जरूर काढा, गंजही थांबवा. पण आधी थरांचे फोटो घ्या आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला बोटभर पट्टी न घासता सोडा. पुढच्या मालकाला तेवढी पुरेल.