बारा पायांचा नव्हे, बड्या पायाचा

आपल्या घरांत लांब मानेचा डायनासोर येतो तो बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या पुडक्यातून. सोबत टी-रेक्स, तीन शिंगांचा एक, आणि का कोण जाणे, एखादी मगर. मान लांब असलेल्याचं नाव ब्रॅकिओसॉरस किंवा डिप्लोडोकस. दोघंही मूळचे अमेरिकेतल्या खडकांतले. जगभरच्या पोरांच्या डोक्यात हेच का बसले, याचं निम्मं श्रेय (किंवा दोष) पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीला द्यावं लागेल. त्याच्या पैशावर चाललेल्या मोहिमेला 1899 साली वायोमिंगमध्ये डिप्लोडोकसची हाडं मिळाली. इंग्लंडच्या सातव्या एडवर्ड राजाला त्याचं चित्र आवडलं, म्हणून कार्नेगीनं अख्ख्या सांगाड्याचा प्लॅस्टरचा साचा करून 1905 मध्ये लंडनला पाठवला. मग बर्लिन, पॅरिस, व्हिएन्ना, अर्जेंटिनातलं ला प्लाता, असा तो गावोगाव पोचला. प्लॅस्टरच्या नकला वाटून एखादा प्राणी जगप्रसिद्ध करता येतो, हे त्याला बरोबर कळलं होतं.

आपल्याकडे कुणी कार्नेगी नव्हता. एक संख्याशास्त्रज्ञ मात्र होता.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकात्यात उभारलेली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट म्हणजे नमुना पाहण्या आणि पंचवार्षिक योजनांची आकडेमोड. पण त्यांचं कुतूहल तेवढ्यात मावणारं नव्हतं. 1957 मध्ये त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं आणि संस्थेत भूशास्त्राचं काम सुरू झालं. त्यांनी निवडलेला प्रदेश होता प्राणहिता-गोदावरीचं खोरं. या खोऱ्यातल्या ज्या खडकांत पुढे घबाड सापडलं त्यांना 'कोटा' म्हणतात. ते नाव आहे आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या, सिरोंचा तालुक्यातल्या, प्राणहितेच्या काठावरच्या कोटा गावाचं. हाडं मात्र नदीपलीकडे, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या अदिलाबाद जिल्ह्यात पोचमपल्लीजवळ निघाली. (साड्यांचं पोचमपल्ली वेगळं.)

1958 मध्ये पहिली हाडं मिळाली, 1960-61 मध्ये मोठं उत्खनन झालं. सुमारे तीनशे हाडं, किमान सहा प्राण्यांची, एकमेकांत मिसळलेली, सोबत दगड झालेले झाडांचे मोठे ओंडके. एका मांडीच्या हाडाची लांबी 1.7 मीटर, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या उंचीइतकी. त्यावरूनच तिथल्या तिथे नाव पडलं: बंगालीत 'बडा' म्हणजे मोठा, 'पा' म्हणजे पाय. ते साल रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं. 1975 मध्ये जैन, कुट्टी, रॉय-चौधुरी आणि चॅटर्जी यांनी शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा पूर्ण नाव झालं 'बारापासॉरस टागोराय'. सरड्यासाठी ग्रीक शब्द, पायासाठी बंगाली, आणि शेवटी एक कवी. रोमन लिपीतून मराठीत येताना 'बडा'चा 'बारा' होतो, आणि पोरं लगेच बारा पायांचा डायनासोर काढतात. काढू द्यावा. मग आठ पाय खोडताना नाव का पडलं ते सांगता येतं.

सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांच्या घराण्यातल्या जुन्या मंडळींपैकी. लांबी अंदाजे 14 मीटर. पुढे आलेल्या भाऊबंदांच्या मानाने बेताचीच. त्याचा सांगाडा कोलकात्यात संस्थेच्या भूशास्त्र संग्रहालयात उभा आहे. माझ्या पाच वर्षांच्या भाचीला मी त्याचा फोटो दाखवला आणि सांगितलं की याचं डोकं कधी सापडलंच नाही. "म्हणजे तो बिनडोक होता?" तिला हसू आवरेना. मग एकदम गंभीर होऊन, "मग तो पानं खायचा हे कसं कळलं?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर: कवटी नसली तरी काही दात मिळाले. चमच्यासारखे, कडेला खरखरीत दाते असलेले. मांस फाडायला असले दात कामाचे नाहीत. पाला ओरबाडायला उत्तम. आपल्याला जे ठाऊक आहे ते एवढ्याशा पुराव्यावर उभं आहे, हे लहान मुलाला सांगितलं तर त्याचा विरस होईल असं मोठ्यांना वाटतं. उलटंच होतं. डोकं हरवलंय म्हटल्यावर पोर कान टवकारतं.

डोक्याच्या बाबतीत अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयातला अ‍ॅपॅटोसॉरस बरीच वर्षं डोक्याविना उभा होता. 1930 च्या दशकात कुणीतरी त्याला दुसऱ्याच जातीचं डोकं बसवलं आणि ते उतरायला 1979 साल उजाडलं. मधल्या काळात किती पिढ्यांनी चुकीच्या चेहऱ्याचा डायनासोर रंगवला असेल! त्यापेक्षा रिकामी मान बरी.

विदर्भातल्या मुलांसाठी याहून जवळचाही एक पाहुणा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या डोंगरगावला 1980 च्या दशकात त्याच संस्थेचे सोहनलाल जैन यांनी आणखी एक लंबग्रीव उकरून काढला. तो बड्या पायापेक्षा दहाएक कोटी वर्षांनी अलीकडचा, डायनासोरांच्या अखेरच्या काळातला. आज त्याचं नाव 'आयसीसॉरस', म्हणजे आयएसआयचा सरडा. संख्याशास्त्राच्या संस्थेच्या नावानं डायनासोर असणं ही आपली खास कमाई. गंमत म्हणजे डोकं याचंही नाही.

पण जवळच्याच पिजदुरा गावात त्या काळातल्या खडकांतून दुसरं काहीतरी निघतं: दगड झालेली विष्ठा. 1939 मध्येच चार्ल्स मॅटली यांनी तिच्यावर लिहिलं होतं. तिचा मालक लांब मानेचाच असावा असा तज्ज्ञांचा कयास, कारण त्यांची हाडं त्याच परिसरात सापडतात. मुलांना 'शी' हा शब्द ऐकल्यावर पुढचं काहीही शिकवता येतं, त्यामुळे मी हा भाग कधी गाळत नाही.

गवताच्या पात्यानं बोट कापतं ना, ते त्यातल्या सिलिकामुळे. त्याचे सूक्ष्म कण गवताच्या प्रत्येक कुळात वेगळ्या आकाराचे असतात आणि पोटातून गेले तरी विरघळत नाहीत. 2005 मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि सहकाऱ्यांनी पिजदुऱ्याच्या विष्ठेत असे कण शोधले. किमान पाच प्रकारची गवतं! तोवर समज असा होता की गवत खऱ्या अर्थानं पसरलं ते डायनासोर गेल्यावर. चित्रकारांनाही तशी ताकीद असे: डायनासोरच्या पायाखाली हिरवळ काढायची नाही. चंद्रपूरच्या शेणानं ही ताकीद मोडीत काढली.

2011 मध्ये त्याच विष्ठेतून भाताच्या कुळातल्या गवताचे कणही ओळखले गेले. हे मी भाचीला जेवताना सांगितलं. ती ताटातल्या भाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आणि वरण?"