बुटाखालची पाती

कागदोपत्री आमचा जिल्हा आता अहिल्यानगर आहे, तोंडात मात्र अजून नगरच येतं. नगरात बर्फ भेटतो तो रसवंतीवर, नाहीतर गोळ्याच्या गाडीवर. त्यामुळे गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळणाऱ्या मुली फोनवर पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी त्या परदेशातल्याच धरल्या. त्या निघाल्या लेहच्या. मग त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो.

आईस हॉकी मुळात कॅनडाची. बंदिस्त जागेतला पहिला रीतसर सामना 3 मार्च 1875 रोजी माँट्रियलमध्ये झाला. आपल्याकडे शिमल्यात 1920 पासून स्केटिंगची रिंक आहे, पण ती साहेबांच्या हौसेची. लडाखमध्ये हा खेळ रुजला तो लष्करामुळे, आणि इथे नगरकराचे कान टवकारतात. आमच्याकडे रणगाडा दलाचं केंद्र. 1 नोव्हेंबर 1948 रोजी सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिला खिंडीत चढले आणि लेहची वाट मोकळी व्हायला मदत झाली, ही गोष्ट इथे आवडीने सांगितली जाते. पुढे 1962 चं युद्ध झालं, 1963 मध्ये लडाख स्काउट्स उभं राहिलं. हिवाळ्यात वाटा बंद, बाहेर उणे वीस. जवानांनी वेळ घालवायला तळ्यावर खेळ मांडला आणि काठावर उभी असलेली पोरं बघत राहिली.

त्या पोरांकडे काहीच नव्हतं. लष्करी बुटांच्या तळव्याला लोखंडी पाती ठोकून स्केट्स झाले, झाडाच्या फांदीची स्टिक झाली. या खेळात चेंडू नसतो, पक असतो: तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची रबरी चकती. तीही बुटाच्या टाचेतून कापून काढलेली. गोलरक्षकाला मैदानी हॉकीचे पॅड मिळाले तरी चैन वाटायची. ऐंशीच्या दशकात लडाख विंटर स्पोर्ट्स क्लब निघाला आणि लेहच्या कारझू तळ्यावर मुलं शिकू लागली. लडाखच्या शाळांना मोठी सुट्टी हिवाळ्यातच असते. बर्फ आणि सुट्टी एकदमच येतात. खेळ पसरायला हे कारण मला लष्कराइतकंच मोठं वाटतं.

मैदान तयार करायची पद्धत वाचून तर मी थांबलोच. रात्री पाण्याचा पातळ थर सोडायचा, तो गोठू द्यायचा, त्यावर पुन्हा थर. सकाळी झाडू मारायचा. लेहला वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. आपण टँकरची वाट बघणारे दुष्काळी तालुक्यांतले लोक. पाणी ओतून मैदान करायचं, हे आपल्याला झेपणारं नाही.

मुलींचं वेगळंच दुखणं होतं. बर्फ थोडा, त्यावर आधी मुलांचा हक्क. उरला वेळ तर मुलींना. फे गावाजवळच्या सेकमोल या 1988 मध्ये सुरू झालेल्या संस्थेत मुली खेळू लागल्या, पुढे त्यांनी लडाख विमेन आईस हॉकी फाउंडेशन ही स्वतःची संघटना काढली. भारत आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य 1989 पासून आहे, पण महिलांचा संघ पहिल्यांदा स्पर्धेत उतरला तो 2016 मध्ये, तैपेईला. सत्तावीस वर्षं! तिकिटांसाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. पुढच्याच वर्षी बँकॉकला फिलिपिन्सला 4-3 हरवून त्यांनी पहिला विजय मिळवला आणि 2025 मध्ये अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक. संघातल्या बहुतेक जणी लडाखच्याच.

कॅनडातलं पोर छपराखाली जवळजवळ वर्षभर खेळतं. लडाखच्या पोरांना तळं गोठल्यावर जेमतेम दोन महिने, आणि तेही आता भरवशाचे नाहीत. डेहराडूनला 2011 मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची मोठी रिंक बांधली. स्पर्धा झाल्यावर ती बंद पडली, बर्फ टिकवायला लागणाऱ्या विजेचा खर्च कोणी सोसेना. दशकभराहून जास्त काळ कुलूप होतं. उघडली ती 2025 मध्ये. तोवर बुटाला पाती ठोकणाऱ्यांची नातवंडं खेळायच्या वयाची झाली होती.