गोडदेवचा ट्रॅक्टर : एका यंत्राचा जीर्णोद्धार व आपल्या शेतीचा थोडा इतिहास

ज्या ज्ञातीचे नावच मुळी आगरावरून पडले, तिच्या इतिहासात मिठाला पहिले स्थान मिळावे हे स्वाभाविकच आहे. मिठागरांविषयी आणि चरीच्या संपाविषयी आपल्या मंडळींनी वेळोवेळी पुष्कळ लिहिले, व ते योग्यही आहे. परंतु आपले घराणे वर्षातले चार महिने मीठ पिकवीत असले तरी पोटाला लागणारा भात ते स्वतःच्याच हाताने पिकवीत होते, आणि त्या भाताच्या अवजारांविषयी मात्र फारसे कोणी लिहिलेले आमच्या वाचनात आलेले नाही. गोडदेव येथील आमच्या घरचा जुना ट्रॅक्टर गतवर्षी आम्ही पुन्हा चालता केला. त्या निमित्ताने ही उणीव अल्पांशाने भरून काढावी असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम जमिनीविषयी सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून यंत्राचे काम ध्यानात येणार नाही. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस भाईंदर, नवघर, खारी, गोडदेव ही जी गावे आहेत, त्यांची शेती दोन प्रकारची होती. एक खारी व दुसरी गोडी. खारी जमीन म्हणजे समुद्राच्या भरतीकडून हिसकावून घेतलेली जमीन. बांध घालावयाचा, उघाडीच्या दारांनी भरतीचे पाणी अडवावयाचे व ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडावयाचे, असे काही वर्षे केले की वरच्या थरातील क्षार धुऊन जातो व भात येऊ लागतो. या जमिनीत आपले पूर्वज नांगर घालीत नसत. खालची माती वर आली की क्षारही वर येतो, हे त्यांस कोणत्याही कृषिशाळेत न जाता ठाऊक होते. बी भिजवून, मोड आणून चिखलावर फेकीत. गोड्या जमिनीची तऱ्हा निराळी. तेथे उन्हाळ्यात राब भाजावयाचा, मृग लागला की रोप टाकावयाचे, मग नांगरणी, चिखलणी व आवणी. नांगर आणि बैल यांचे राज्य काय ते या गोड्या खाचरांपुरते.

बांध फुटला, खांड पडली, तर एका रात्रीत दोन-तीन वर्षांची मेहनत वाया जाई. म्हणून बांध ज्याच्या हाती त्याच्या हाती गाव, असा या किनाऱ्याचा न्याय होता. १८७० साली इंग्रज सरकारने भाईंदर परिसरातील जमिनी बांधबंदिस्तीच्या अटीवर दीर्घ मुदतीच्या कराराने दिल्या. त्या कराराचे वाद पुढील पिढ्यांच्या माथी बसले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींसंबंधी कायदा झाला व बांधाच्या कामात सरकार उतरले. कुळकायदाही त्याच वर्षीचा. त्याची खरी फळे १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून दिसू लागली. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून जो संप केला, त्याचे पुण्य या कायद्यामागे आहे असे आम्ही मानतो. जो जमिनीचा मालक नाही तो नांगर घेईल, पण ट्रॅक्टर घेणार नाही. यंत्रासाठी कर्ज काढावयाचे तर पायाखालची जमीन आपली असावी लागते.

आता यंत्राकडे वळू. लोखंडी नांगराची कथा महाराष्ट्रास परिचित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात तो घडविला, आणि लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे त्यांस गिऱ्हाईक मिळावयास बराच काळ लागला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली व देशावरच्या काळ्या जमिनीत तो नांगर घरोघर पोचला. आपल्या पाणथळ खाचरांत मात्र हलका लाकडी नांगरच सोयीचा पडे. ट्रॅक्टरची गोष्टही अशीच देशाकडून किनाऱ्याकडे हळूहळू आलेली. स्वातंत्र्यानंतर मध्य हिंदुस्थानातील कांस गवताने ग्रासलेली जमीन मोडून काढण्यासाठी केंद्र सरकारने मोठे ट्रॅक्टर जमविले, व १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून त्याकरिता एक कोटी डॉलरचे कर्जही घेतले. पण ती यंत्रे रणगाड्यासारखी. आपल्या खाचराच्या बांधावरून ती गेली असती तर खाचरही उरले नसते आणि बांधही!

लहान ट्रॅक्टर देशात बनू लागले ते १९५९ नंतर. आणि त्यांपैकी एक कारखाना निघाला तो आपल्याच रेल्वेमार्गावर, कांदिवलीस. महिंद्र आणि महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास या तिघांनी मिळून १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली, व १९६५ मध्ये तेथून बी-२७५ हा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. १९७७ साली ही कंपनी महिंद्रमध्येच विलीन झाली. नमुना मूळचा ब्रिटनमधील, १९५८ च्या सुमाराचा. चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन, सुमारे ३५ अश्वशक्ती, आठ गिअर पुढचे व दोन मागचे, अंगावर तांबडा रंग. एक चाक चिखलात नुसतेच फिरू लागले तर दोन्ही चाके एकत्र जखडणारे एक पेडल त्यास होते. आम्हांस विचाराल तर भातशेतीच्या दृष्टीने सगळ्या यंत्रातील सर्वांत मोलाचा भाग तोच.

आमच्या घरी हा ट्रॅक्टर १९७४ साली आला, तोही जुना, देशावरच्या एका बागाईतदाराकडून. वडील व तिघे चुलते यांनी भागीत घेतला. सहा बैलांचे काम एकटा करील अशी अपेक्षा होती. ती पुरी झाली, परंतु भलत्याच मार्गाने. खाऱ्या जमिनीत नांगर चालत नव्हताच. गोड्या खाचरांत पावसाळ्याचे जेमतेम तीन आठवडे चिखलणी, त्यासाठी रबरी चाकांना लोखंडी पिंजऱ्याची चाके, म्हणजे केजव्हील, जोडावी लागत. उरलेले वर्षभर ट्रॅक्टर मागे ट्रॉली लावून मीठ वाही, बांधासाठी माती वाही, पेंढा वाही, आणि पुढे पुढे विटा व रेती. खळ्यावर भाऱ्यांवरून फिरवून मळणीही केली जाई. ट्रॅक्टरने आमच्या गावात नांगराला नव्हे, बैलगाडीला हटविले. आणि ज्या इमारतींखाली ती शेते पुढे गेली, त्यांच्या विटाही काही अंशी त्यानेच वाहिल्या, हेही लिहून ठेवणे भाग आहे.

१९८५ साली मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. त्या अवधीत खाचरे भरली गेली, कुळकायद्याने हाती आलेली जमीन तुकड्यातुकड्याने विकली गेली. यात कोणास दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. मुलांची शिक्षणे, मुलींची लग्ने व घरे त्याच पैशांतून झाली. ट्रॅक्टर अंगणाच्या कडेला पत्र्याखाली उभा राहिला तो वीस वर्षांहून अधिक काळ.

गतवर्षी घराच्या वाटणीचा विषय निघाला तेव्हा भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. चुलतभावांचा कल देऊन टाकण्याकडे होता. जागा अडते, साप निघतात, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. थोरल्या काकू तेवढ्या म्हणाल्या, "अरे, यांनी माझ्या पाटल्या मोडून घेतलाय तो. विकायचा तर माझ्या पाटल्या आधी आणून द्या." सभा तेथेच संपली. मग पुतण्याने, एका वयस्क मिस्त्रींनी व आम्ही, असे तिघांनी हे काम अंगावर घेतले. आमचा वाटा मुख्यत्वे टिपणे ठेवण्याचा व रॉकेलने भाग धुण्याचा.

खाडीच्या वाऱ्याचे मीठ हा या कामातील खरा शत्रू. म्हणून मिस्त्रींनी पहिले दोन दिवस पान्हा हाती घेऊच दिला नाही. गोड्या पाण्याने आणि ब्रशाने सगळे अंग धुतले, उन्हात वाळविले, मग प्रत्येक बोल्टावर तेल सोडले. तळाचा बोल्ट काढताच प्रथम पाणी आले, मागाहून काळे तेल. इंजिन जागच्या जागी जखडले होते. शेजारच्या एका उत्साही गृहस्थांनी दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढण्याची सूचना केली. मिस्त्रींनी त्यांस नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. जखडलेले इंजिन ओढून फिरविले की रिंगा तुटतात व कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणजे जे वाचले असते तेही जाते. त्यांनी चारही नोझल काढले, त्या भोकांतून डिझेल व तेल यांचे मिश्रण आत सोडले, आणि आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी वरच्या गिअरात टाकून मागचे चाक पुढे-मागे हलवीत राहिले. पहिल्यांदा केसभर, मग बोटभर, आणि संध्याकाळपर्यंत इंजिन पुरते एक फेरा फिरले.

हेड उघडल्यावर दोन व्हॉल्व्ह अडकलेले निघाले, रिंगा बदलाव्या लागल्या. क्लचची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती. त्यासाठी इंजिन व गिअरपेटी एकमेकांपासून अलग करावी लागली, व अंगणात ट्रॅक्टरचे दोन तुकडे पाहून काकूंनी चार दिवस आमच्याशी बोलणे सोडले. डिझेलची टाकी आतून गाळाने भरलेली. ती खडी व रॉकेल घालून हलवून स्वच्छ केली. सुटे भाग मात्र अपेक्षेहून सुलभतेने मिळाले. या नमुन्याचे ट्रॅक्टर पुष्कळ वर्षे बनत राहिल्याने देशावरच्या बाजारगावांत त्यांचे सामान आजही विकावयास असते.

अखेर डिझेलच्या नळ्यांतील हवा काढली, हीटर प्लग तापविले, आणि चौथ्या प्रयत्नास इंजिनाने पांढऱ्या धुराचा एक मोठा लोट सोडून आवाज धरला.

रंगाविषयी थोडे मतभेद झाले. पुतण्याला चकचकीत तांबडा रंग हवा होता. आमचे मत असे की, हल्ली ठिकठिकाणी जुनी यंत्रे रंगवून उपाहारगृहांच्या दारात उभी करतात, त्यांना जीर्णोद्धार म्हणू नये, ते कलेवराचे शृंगार होत. गंज काढला, अस्तर दिले, जेथे रंग गेला होता तेथेच नवा दिला. उजव्या मडगार्डावरचा पोचा ठेवला, आणि कंपनीचा क्रमांक कोरलेली पट्टी तशीच राखली. केजव्हीलांवाचून तो भातशेतीचा ट्रॅक्टर नव्हे म्हणून त्यांचा पुष्कळ शोध केला. एक मागीलदारी पडवळाच्या वेलाला आधार म्हणून उभे सापडले, दुसरे त्याच मापाचे नवे जोडून घेतले.

आवाज ऐकून गावातील वृद्ध मंडळी जमली आणि एक अकल्पित गोष्ट घडली. जो तो आपल्या खाचराचे नाव घेऊ लागला. हा येथे रुतला होता, तेथे वळत नसे, अमक्या खाचरात उघाडीकडून चढावयाचा. ज्या जागी आज सात मजली इमारती, दुकाने व वाहनतळ आहेत, त्या जागांची ही नावे. सातबाऱ्यावर शेत ओळखले जाते ते मुख्यतः क्रमांकाने. आम्ही वही आणून दोन पाने भरली, व त्यांतील तीन नावांवरून दोघा वृद्धांत जो वाद जुंपला तो अजून मिटलेला नाही. दोन्ही मते लिहून ठेवली आहेत. ज्या ज्ञातिबांधवांच्या अंगणात असे यंत्र उभे असेल त्यांनी भंगारात देण्यापूर्वी एकवार ते सुरू करून घरातील वडीलधाऱ्यांस जवळ बसवावे, आणि काय बोलतात ते टिपून पुढील वर्षीच्या अंकासाठी धाडावे, अशी विनंती आहे.

वसई तालुक्यातील आमच्या एका आप्तांनी येत्या आषाढात आपल्या खाचराची चिखलणी या ट्रॅक्टरकडून करून घेण्याचे कबूल केले आहे. तत्पूर्वी मागील लिफ्टमधून होणारी तेलाची गळती बंद व्हावयास हवी. तिचे वायसर मागविले आहेत.