हद्दीचा बांध आणि मातीचा बांध



मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला, की ओढ्याच्या काठी जरा उभे राहून पाहा. पाणी कसे दिसते? चहासारखे. तो रंग पाण्याचा नव्हे, कोणाच्या तरी रानाचा आहे. त्यात माती आहे, उन्हाळ्यात टाकलेले शेणखत आहे. एवढी माती पुन्हा व्हायला खडकाला शेकडो वर्षे झिजावे लागते. ती जायला एक दुपार पुरते.

आपल्या वाडवडिलांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. देशावर ताल घालण्याची चाल जुनी आहे. ओघळीत दगडमातीचा आडवा बांध घालायचा, बैलांच्या केणीने माती ओढून लावायची आणि मागची जागा गाळाने भरत आली, की ताल पुन्हा थोडा उंच करायचा. आजाने सुरू केलेला ताल नातवाच्या हातून पुरा व्हावा, आणि जिथे नुसता मुरूम होता तिथे ज्वारी उभी राहावी! असे तुकडे आजही डोंगरपायथ्याच्या गावांत दिसतात.

पण मंडळी, ‘बांध’ या एका शब्दात दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. एक हद्दीचा बांध. तो वाटणीच्या वेळी पडतो, उतार कुणीकडे आहे हे न बघता. पुष्कळदा तो उतारावरून सरळ खाली उतरतो. मग त्याच्या कडेने पाणी धावते नि घळ पडते. दुसरा मातीचा बांध. तो उताराला आडवा, समपातळीने वळत जातो. पहिल्यासाठी भाऊ भावाला कोर्टात खेचतो, दर साली नांगराचे एक तास पलीकडे सरकवून तो कोरतो. दुसऱ्यासाठी भांडलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

१८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली. त्यानंतर १८८३ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा नि खत पावसाबरोबर शेतात उतरून जमीन कशी सकस होत असे, हे त्यांनी त्यात सांगितले. सरकारने लष्करातल्या नि पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांना कामाला लावावे, जागोजाग ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मग नदीनाल्यास मिळेल, अशी त्यांची सूचना होती. योगायोग असा, की त्याच १८८३ साली सरकारने जमीनसुधारणेसाठी कर्ज देण्याचा कायदा केला. हीच आपली तगाई. ती वाईट नव्हती. पण तगाई मिळे एकेका खातेदाराला, आणि पाणी काही खाते बघून वाहत नाही. वरच्याने बांध घातला नाही, तर त्याच्या रानातला लोंढा खालच्याचा नवा बांध फोडून जाणारच. दोहोंत फुल्यांचीच नजर लांबची होती, असे मला वाटते.

पुढे १९३३ साली सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. पाणी रानातच मुरले तर ज्वारीला काय लाभ होतो, माती किती वाहते, यांची मोजदाद होऊ लागली. नंतर १९४२ साली मुंबई प्रांताने जमीनसुधारणा योजनांचा कायदा केला. त्यातली नवी गोष्ट अशी, की एका शेताऐवजी सबंध उताराची एकच योजना करायची, हरकती ऐकून घ्यायच्या आणि मंजूर झाली, की ती सगळ्यांना लागू. त्याच सुमारास विजापूरकडे दुष्काळ पडला. तो जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता, आज कर्नाटकात आहे. तिथे दुष्काळी कामावरच्या मजुरांकडून मैलोगणती बांध घालून घेतले गेले.

लोक कुरकुरले, आणि ते अगदीच चूक होते असे नाही. बांधाखाली जमीन जाते, वाकडी रेघ रानातून गेली, की औत वळवताना त्रास होतो. शिवाय साहेब लोकांचीही एक चूक झाली. हलक्या, मुरमाड रानात जो बांध उत्तम चालला, तोच त्यांनी खोल काळ्या रानातही घातला. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही. बांधाच्या पोटाशी ते तुंबते, पीक पिवळे पडते. उन्हाळ्यात बांधाला भेगा जातात आणि पुढल्या पावसात तो फुटतो. तिथे पाणी हळूहळू बाहेर काढणारा, किंचित उताराचा बांधच हवा, हे उमगायला काही वर्षे जावी लागली.

१९७२ च्या दुष्काळात पुन्हा लाखो हात बांधबंदिस्तीवर आले. त्या वेळचे कितीतरी बांध आता ट्रॅक्टरच्या फाळाखाली झिजले आहेत, कारण सातबाऱ्यावर ते नव्हतेच!

गुरुजनांना एक विनंती करतो. यंदा पहिल्या मोठ्या पावसात मुलांना दोन बाटल्या देऊन शिवारात पाठवा. बांध शाबूत असलेल्या रानाच्या सांडव्यावरचे पाणी एकीत, उघड्या उतारावरचे दुसरीत. दोन्ही बाटल्या रात्रभर वर्गाच्या खिडकीत राहू द्या, आणि सकाळी तळाचा गाळ पट्टीने मोजून फळ्यावर लिहा. खाली त्या दोन्ही रानांच्या धन्यांची नावे मात्र लिहू नका. गावाला ती ठाऊक असतातच.