आधी पाणी, मग वीज : हौशी लेसरच्या इतिहासाविषयी

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा चरित्रलेखनाचा साचा वापरतो. एक संशोधक असतो, एक साल असते, आणि त्या साली जगात नसलेली एक वस्तू अवतरते. कार्बन डायऑक्साइड लेसरचा इतिहासही असा सांगता येतो. मराठी वाचकाला तर त्याचा मोहच व्हावा. हा लेसर शोधणारे कुमार पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले, १९५८ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले, स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉक्टरेट करून १९६१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दाखल झाले आणि १९६४ साली त्यांनी या वायूपासून लेसरकिरण मिळवला. १९९६ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक देण्यात आले. हे सारे खरेच आहे. मात्र येथेच थांबलो, तर या यंत्राच्या इतिहासाचा एक मोठा आणि, आमच्या मते, अधिक वाचनीय भाग हातून निसटतो. तो भाग आहे हे यंत्र घरी बांधणाऱ्या, चालवणाऱ्या, बिघडवणाऱ्या आणि पुन्हा उभे करणाऱ्या हौशी माणसांचा.

या भागाची साधनेही निराळ्या जातीची आहेत. संशोधक शोधनिबंध मागे ठेवतो. हौशी माणूस कृतिपत्र मागे ठेवतो. काय आणावे, कशाला काय जोडावे, काय कदापि करू नये, असे त्याचे स्वरूप असते. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात सी. एल. स्टाँग यांनी अनेक वर्षे चालवलेले ‘द अमेच्युअर सायंटिस्ट’ हे सदर अशा लेखनाचे भांडारच म्हणावे लागेल. १९७१ सालच्या सप्टेंबर महिन्यात कॅलिफोर्नियातील एका शाळकरी विद्यार्थ्याने बांधलेल्या कार्बन डायऑक्साइड लेसरचे वर्णन या सदरात आले. मूळ शोधाला तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. बेल प्रयोगशाळेतून शाळकरी मुलाच्या टेबलापर्यंतचे हे अंतर इतक्या लवकर कसे कापले गेले, याचे उत्तर शोधायचे तर वीज, तिचे नियंत्रण आणि थंडावा या तीन गोष्टींचाच माग काढावा लागतो.

पहिली गोष्ट वीज. विरळ वायूने भरलेल्या काचेच्या नळीतून विद्युत्प्रवाह सोडला की नायट्रोजनचे रेणू कंप पावू लागतात, आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना देतात, आणि त्यांच्यापासून १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण निघतो. वायू पेटवण्यासाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो. शिवाय वायूचा स्वभाव विचित्र आहे. एकदा तो पेटला की प्रवाह जितका वाढावा तितका त्याचा विरोध घटत जातो. बांध घातला नाही तर प्रवाह अनावर होऊन यंत्राचा नाश करतो. हा बांध घालणारे रोहित्र सुदैवाने आधीच तयार होते, आणि तेही बाजारात. जॉर्ज क्लोद यांनी १९१० साली पॅरिसमध्ये निऑनचे दिवे लोकांना दाखवले. पुढे दुकानांच्या पाट्या त्या प्रकाशाने उजळल्या. या पाट्यांची रोहित्रे १५,००० व्होल्टपर्यंत दाब देत, पण त्यांच्या रचनेतच अशी सोय असे की प्रवाह ३० किंवा ६० मिलिअँपिअरच्या पलीकडे जाऊ नये. मद्यालयाच्या आणि चित्रपटगृहाच्या पाटीसाठी बनलेली ही वस्तू हौशी लेसरचे हृदय ठरली. विज्ञान प्रयोगशाळेतून बाजाराकडे झिरपते, असे आपण गृहीत धरतो. येथे उलटा प्रवाह दिसतो.

मात्र या हृदयाशी खेळ जिवावरचा होता. इतका प्रवाह माणूस मारण्यास पुरेसा आहे, आणि जेथे धारित्र जोडलेले असते तेथे वीज बंद केल्यावरही काही काळ मृत्यू तारेत दबा धरून बसतो. किरणही अदृश्य, तो डोळ्याच्या पारपटलाला भाजून जाईपर्यंत कळायचे नाही.

दुसरी गोष्ट नियंत्रण. आरंभीच्या हौशी यंत्रांत फिरवण्याच्या एका बटणाने रोहित्राला मिळणारा दाब कमीजास्त करीत. २०१० नंतरच्या दशकात चीनमध्ये बनलेली ४० वॅटची छोटी कोरीवकामाची यंत्रे स्वस्तात मिळू लागली. हौशी मंडळी त्यांना ‘के-४०’ म्हणतात. आता नळी बांधण्याची गरज उरली नाही, पण हौस संपली नाही; ती नियंत्रणाकडे वळली. मूळचे नियंत्रक काढून लोकांनी आपले बसवले, सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करून किरणाची तीव्रता ठरवली, झाकण उघडताच किरण बंद व्हावा अशी कळ घातली. प्रवाह दाखवणारा काटा तर जवळजवळ प्रत्येकाने लावला. कारण अशी नळी साधारण १५ ते १८ मिलिअँपिअरच्या वर नेली की किरण फारसा वाढत नाही, आयुष्य मात्र झरझर घटते.

तिसरी गोष्ट थंडावा, आणि आमच्या दृष्टीने इतिहासाचे मर्म येथेच आहे. पाणी हे या यंत्राचे केवळ पथ्य आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात किरणाचा जन्मच थंडाव्यावर अवलंबून असतो. किरण सोडून दिल्यावर रेणू ऊर्जेच्या ज्या पायरीवर उतरतो ती पायरी त्वरेने मोकळी व्हावी लागते. वायू तापला तर ती उष्णतेनेच भरलेली राहते आणि किरण मंदावतो. पटेल यांच्या प्रयोगांत निव्वळ कार्बन डायऑक्साइडपासून मिळालेली शक्ती मिलिवॅटच्या घरात होती. नायट्रोजन मिसळल्यावर ती वाढली, आणि १९६५ साली हेलियमही मिसळल्यावर शंभर वॅटच्या पुढे गेली. हेलियम ती खालची पायरी रिकामी करतो आणि उष्णता नळीच्या भिंतीपर्यंत वाहून नेतो. भिंतीबाहेर ती उचलायला पाणी उभे असते. नळीत ओतलेल्या विजेचा सुमारे दहावा हिस्सा किरणात उतरतो. उरलेली सारी वीज पाण्यात जाते.

म्हणून हौशी कृतिपत्रांत सर्वाधिक शब्द पाण्यावर खर्च झालेले आढळतात. पाणी शुद्ध, ऊर्ध्वपातित असावे. नळाच्या पाण्यातून वीज वाहते. मत्स्यालयाचा पंप आणि बादली यांनी काम भागते, पण उन्हाळ्यात बादलीत बर्फाच्या बाटल्या सोडाव्यात. पाणी १५ ते २५ अंशांच्या दरम्यान राखावे. फार थंड केले तर दमट हवेत नळीवर दव साचते आणि वीज भलत्या वाटेने उडी मारते. नळीत बुडबुडा राहू देऊ नये. बुडबुड्यापाशी काच तापते आणि तडकते. आणि सर्वांत ठळक सूचना ही, की आधी पाणी सुरू करावे, मगच वीज.

या वाक्यांकडे भाषेच्या अभ्यासकाने जरा थांबून पाहावे. प्रत्येक ‘करू नये’च्या मागे कोणाची तरी तडकलेली नळी आहे. कोणाची, कधी, किती पैशांची, याचा उल्लेख नाही. अपयशाची हकीकत गाळून तिचा अर्क तेवढा पुढच्या माणसाच्या हाती दिलेला आहे. शोधनिबंध आपल्या चुका सहसा पोटात ठेवतो, चरित्र त्यांचे यशाच्या पायऱ्यांत रूपांतर करते. कृतिपत्रात त्या सूचना होऊन टिकतात. नाव नसलेल्या माणसांचा इतिहास कोठे शोधावा, हा आपल्याकडे वारंवार विचारला जाणारा प्रश्न आहे. ओव्यांत, म्हणींत, पाककृतींत तो आपण शोधलाही. तांत्रिक सूचनांकडे मात्र साहित्याचा विद्यार्थी सहसा फिरकत नाही, कारण त्यांत ‘मी’ दिसत नाही.

पटेल यांचा १९६४ सालचा निबंध आणि १९७१ सालचे ते सदर वर्गात शेजारी शेजारी ठेवून वाचावे, असे आम्ही सुचवू. विषय एक, वायू एक, किरणही एकच. पहिल्यात काय घडले ते सांगितले आहे. दुसऱ्यात ते पुन्हा कसे घडवावे, आणि घडवताना जिवंत कसे राहावे, ते. आपल्या विध्यर्थी क्रियापदात किती अनुभव मावू शकतो, याचा धडा व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा येथे अधिक चांगला मिळेल.