धूर कोणाच्या हद्दीतला?

मुंबईत धुराविरुद्धचा कायदा १९१२ साली झाला. त्याचा भर डोळ्यांना दिसणाऱ्या धुरावर होता. १९८१ साली देशभरासाठी वायुप्रदूषणाचा कायदा आला. पण प्रदूषण मंडळाच्या संमतीवाचून न्यायालयात तक्रार चालत नसे. १९८७ च्या दुरुस्तीने ६० दिवसांची सूचना देऊन कोणाही नागरिकाला तो हक्क मिळाला.

हक्काला नोंदींचा आधार हवा. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आराखडे शहरवार झाले. वारा मात्र हद्द जाणत नाही. किनाऱ्यावर तो सहसा दिवसा समुद्राकडून, रात्री जमिनीकडून वाहतो. मीरा रोडच्या शांती नगरातला धूर कुठून येतो, कुठे जातो, हे विद्यार्थ्यांसह आपण रोज टिपले, तर शेजारच्या शहरांना सोबत का घ्यायचे, ते वहीतच दिसेल.